देणारीचं पथ्य

कावीळ झाली जीपवाल्या महिपतला आणि अळणी जेवायची ठकूबाई. हा कुठला न्याय, असं कुणीही विचारील. पण आंबेनळी घाटावरच्या त्या वाडीत चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ठकूबाईनंही नाही.

काविळीचं झाडपाल्याचं औषध तिच्या सासरचं. सासू येसूबाई जाण्याआधी झाड दाखवून गेली आणि रीतही सांगून गेली. रोग्यानं एकवीस दिवस मीठ, तेल, मासळी सोडायची, आणि औषध देणारीनंही त्याच्याबरोबर सोडायची. "घेनाऱ्याच्या तोंडाला चव नाय तवर देनारीला बी नाय," असं येसूबाई बजावायची. एकविसावा दिवस सरला की ठकूबाई रोग्याच्या पेजेत चिमूटभर मीठ घालून "जेव आता" म्हणायची, आणि मग स्वतः जेवायची.

येसूबाईचं बरं होतं. तिच्या काळी वर्षाला चार रोगी यायचे. आता पोलादपूरहून जिपा सुरू झाल्या, मुंबईला गेलेली पोरं तिकडचं पाणी पिऊन पिवळी होऊन परतू लागली, आणि एकाचे एकवीस दिवस सरायच्या आत दुसरा दारात उभा. गेल्या दिवाळीपासून ठकूबाईच्या तोंडाला मीठ लागलंच नव्हतं. सून रंजिता जवळ्याचं कालवण करायची तेव्हा ती गोठ्यात जाऊन बसायची, म्हशीला वैरण घालून झाली तरी तिथंच बसून राहायची. पूर्वी पिवळे डोळे दिसले की तिला कीव यायची. आता आधी थकवा यायचा, कीव मागाहून.

२००२च्या वैशाखात झऱ्यावरून पाणी आणताना ती दोनदा पडली. रंजितानं तिला महाडला माधुरी वैद्यबाईंकडे नेलं. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, जेवण काय काय असतं ते विचारलं, आणि उत्तर ऐकून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"आजी, ज्याचा आजार त्याचं पथ्य. तुम्ही अळणी खाल्लंत म्हणून त्याची कावीळ उतरत नाही. तुमच्या अंगात रक्तच नाही. तुम्हाला जेवण हेच पहिलं औषध." त्यांनी कागदावर लिहूनही दिलं: नाचणीची भाकरी, मासळी, तूप, मीठ घातलेलं वरण. "हा पावसाळा असाच काढलात तर अंथरूण धराल."

"म्हैपतचे पाच दिस ऱ्हायलेत," ठकूबाई म्हणाली. "त्याचं झालं का जेवते."

परतताना दोघी पोलादपूरला उतरल्या. घाटात जाणाऱ्या जिपेला वेळ होता. वडापावच्या गाडीपाशी जीपवाला महिपत उभा होता, एका हातात वडा, दुसऱ्या हातात मीठ लावलेली तळलेली मिरची.

"म्हैपत! पथ्य रे तुजं?"

तो लाजला असता तरी चाललं असतं. पण त्याला खरोखरच नवल वाटलं. "आजी, तुमी पाळताय ना माज्यासाठी? मग दोघांनी कशाला जीव मारायचा?"

गाडीभोवतीची माणसं हसली. ठकूबाईला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही असावं लागतं. "दवाखान्यात जा, रगत तपासून घे," एवढंच ती म्हणाली. "मी नाय आता तुजं काय पाळनार." मग ती बाकावर बसली. आपल्या जिवावर असे किती जण निर्धास्त जेवले असतील, हे मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "रंजिता, आज मला बी कालवन वाढ गो." सासूची आठवण येऊन थोडी भीती वाटली तिला, तरी ती ताटावर बसली. रंजितानं हौसेनं जवळा केला होता, गरम भाकरी टाकली होती.

पहिल्याच घासाला ठकूबाईचं तोंड वेडंवाकडं झालं. "मीठ किती घातलंस गो! जिभेला झोंबतंय."

रंजितानं चाखून पाहिलं. मीठ रोजच्याएवढंच होतं, उलट जरा कमीच. ठकूबाईनं आणखी एक घास घेतला. तो गिळवेना.

"माजी जीभच गेली गो," ती म्हणाली, आणि तिनं ताट पुढं सरकवलं.

रंजिता चुलीपाशी गेली. तिनं मऊ पेज शिजवली. मिठाची चिमूट तळहातावर घेतली, त्यातलं निम्मं परत बरणीत टाकलं, उरलेलं पेजेत ढवळलं आणि वाटी घेऊन सासूसमोर बसली.

"उद्या वाईच जास्त घालीन, परवा आनकी वाईच," ती म्हणाली. "जेवा आता."

हे असं ठकूबाईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली.