श्रद्धांजलीत शिरलेला बैल

आमच्या घाटंजीत माणूस गेला की आधी पाहुण्यांना फोन जातो, मग लाकडं सांगतात आणि मग मला निरोप येतो. चिता पेटली की घाटावरून परतण्याआधी शोकसभा घ्यायची, ही आपल्याकडची रीत. मंडळी जमिनीवर टेकतात, कोणीतरी दोन शब्द बोलतो, मग सगळे उभे राहून मौन पाळतात. ते दोन शब्द गेली कित्येक वर्षं माझेच आहेत. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा पोरं सुटली, मेलेले मात्र सुटले नाहीत.

माझं भाषण तयारच असतं. 'न भरून निघणारी पोकळी' सगळ्यांना सारखीच. भांडखोर माणूस असेल तर 'स्पष्टवक्ते'. त्याहून भांडखोर असेल तर 'स्पष्टवक्ते, पण आतून प्रेमळ', कारण आतलं कोणी पाहिलेलं नसतं. लोक दुपट्ट्यानं डोळे पुसतात. मी मात्र ठणठणीत. माझे वडील गेले तेव्हाही मीच बोललो, आणि एकही 'ण' चुकला नाही.

यावर बायकोचं मत पक्कं आहे. ‘‘तुमच्या छातीत दगड आहे, अन् त्याच्यावर टाइल्स बसवल्या आहेत,’’ असं ती आल्यागेल्यासमोर सांगते.

दिवाळीला नागपूरहून मुलगी आली होती, तिनं ते ऐकलं आणि माझ्या मोबाईलवर एक गेम टाकून दिला. म्हणाली, ‘‘बाबा, हा खेळून पाहा. भलेभले रडतात.’’

मी हसलो. माझी अर्धी नोकरी पोरांच्या दप्तरातून मोबाईल जप्त करण्यात गेली. गेम हरल्यावर आईच्या नावानं गळा काढणारी पोरं मी पाहिली होती. पण गेमनं रडवलेला, पेन्शन घेणारा गडी अजून पाहिला नव्हता. तो मी नंतर आरशातच पाहिला.

गेम साधाच. एक म्हातारा आणि त्याचा म्हातारा बैल. गाडीत संसार भरलेला, आणि दूर कुठंतरी राहणाऱ्या लेकीकडं जायचं. आपण बोटानं बैल हाकायचा, चारा शोधायचा, त्याच्या खुरातला काटा काढायचा. भाषण नाही, संवाद नाही. मी आठवडाभर दुपारची झोप सोडून त्या बैलाला चारत होतो. बायकोला सांगितलं, बातम्या वाचतो आहे.

शेवटी नदी येते. गाडी वाहून जाते, बैल धारेला लागतो आणि म्हाताऱ्याच्या हातात दोरी उरते. आपण काचेवर अंगठा दाबून ठेवला की दोरी धरलेली राहते. पण मग खेळ पुढंच सरकत नाही. बैल वाहत नाही, वर येत नाही, नुसता आपल्याकडं पाहत राहतो. अंगठा उचलला, तरच पुढं जाता येतं.

मी अंगठा उचलेना. चहा निवला. अंगठ्याला मुंग्या आल्या. नाटकात किंवा सिनेमात बैल मेला तर लिहिणाऱ्याला शिव्या घालून घरी येता येतं. इथं शिव्या घालायच्या कोणाला? अंगठा माझाच होता. उचलला, आणि मला असा हुंदका फुटला की न्हाणीघरातून बायको धावत आली.

‘‘काय झालं? कोण गेलं?’’

‘‘बैल.’’

‘‘कोणाचा?’’

‘‘आपला,’’ मी म्हणालो.

‘‘आपल्याजवळ कवा होता बैल?’’ तिनं माझ्या हातातला मोबाईल पाहिला, मग मला पाहिलं. ‘‘बापाच्या मातीत शुद्धलेखन सांभाळणारा माणूस हा! मोबाईलमधल्या बैलासाठी सुतक धरता का आता?’’

त्यावर मी काही तरी बोललो असतो, पण नाक वाहत होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आमचे शेजारी गेले. बरेच दिवस आजारी होते. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यातले ग्रेडर, म्हणजे शेतकऱ्याच्या कापसाची प्रत ठरवणारे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, चिमटीत धागा ओढून पाहायचे आणि म्हणायचे, ‘‘ओला आहे.’’ झालं, भाव उतरला. एप्रिलच्या उन्हात तडतडलेला कापूसही त्यांना ओला लागायचा, असं लोक म्हणत. त्यांना घाबरून शेतकरी गाडी आणताना वाटेत नमस्कार करत, देवाला नाही, त्यांच्या घराला.

घाटावर मी उभा राहिलो. ‘स्पष्टवक्ते, पण आतून प्रेमळ’ जिभेवर तयार होतं. म्हटलं, आज थोडी प्रतिमा वापरू. ‘‘जीवन ही एक नदी आहे,’’ मी सुरुवात केली, आणि तिथंच घात झाला. नदी म्हटल्याबरोबर तो बैल डोळ्यांसमोर आला. पुढचं वाक्य 'ज्याप्रमाणे एखादा माणूस' असं व्हायला हवं होतं. ते 'ज्याप्रमाणे' हुंदक्यात गेलं आणि बाहेर आलं ते असं: ‘‘भर पुरात त्यांनी आपल्या बैलाची दोरी सोडली नाही! गाडी गेली, संसार गेला, हात सोलले, पण दोरी सोडली नाही!’’

मी ढसाढसा रडत होतो. लोकांनी मला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळं तेही फुटले. ज्यांचा कापूस त्या माणसानं वर्षानुवर्षं ओला ठरवला, ते स्वतः ओले झाले. अख्खा घाट एका व्हिडिओ गेमसाठी रडला, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

फक्त मला, असं मला वाटलं. चप्पल शोधत होतो तेव्हा एक तरणाबांड पोरगा गाडीला किक मारता मारता हळूच म्हणाला, ‘‘सर, मी तर पूर्ण अर्धा तास धरून होतो. तुम्ही?’’ कोणाला सांगू नकोस म्हणून त्याला मी कळंबच्या चिंतामणी गणपतीची शपथ घातली. शेजारी एक म्हातारा शेतकरी डोळे पुसत पुटपुटत होता, ‘‘बैलावर एवढा जीव होता म्हणते, अन् माह्या बैलाले जिनिंगमधी पाणी नाही पाजू देल्लं कधी.’’

पण आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण रंगलं होतं. लोक हात हातात घेऊन दाबत होते. मी ते दाबू दिले. खोटं बोललो हे कळत होतं, आणि चवही लागत होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर बायको म्हणाली, ‘‘चला, वहिनी बलावून राह्यल्या तुम्हाले.’’ वहिनी म्हणजे ग्रेडरसाहेबांच्या पत्नी. बायको रोज त्यांच्याकडं डबा घेऊन जातच होती.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, भाषणाबद्दल दोन शब्द बोलतील. बोलल्याच.

‘‘भाऊजी, ते नदीचं सारं गाव सांगून राह्यलं. मले तर काहीच माहीत नाही. सारा संसार झाला, पण त्यानं मले एक शब्द सांगितला नाही. तुम्हाले सांगितलं?’’

आवाजात रडणं नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. नवरा गेल्याचं दुःख त्या करतच होत्या. त्यात मी आणखी एक नवं आणून ठेवलं होतं: नवऱ्यानं मन मोकळं केलं, ते कुंपणापलीकडच्या मास्तरापाशी. त्यांच्यापाशी नाही.

बायको दारात उभी होती. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, बोला. मी बोललो, पण खोटं. ‘‘म्हणजे, पुरुष माणसं कधी कधी आपसांत... ती पैनगंगा होती, वहिनी.’’

‘‘पैनगंगा?’’ वहिनी सरळ बसल्या. ‘‘माहं माहेर हाय तिथलं! अन् ते तिथं दोन रात्री कधी राह्यले नाहीत. म्हणत, पाण्याचा आवाज येते, झोप नाही लागत. पाण्याले भेत होते ते, भाऊजी. कोणाचा बैल होता तो?’’

जिल्ह्यात एवढ्या नद्या, आणि मी नेमकी त्यांच्या माहेरची उचलली! मी मोबाईल काढला. गेम लावला. सगळं सांगितलं: अंगठा, हुंदका, 'ज्याप्रमाणे'. वहिनींनी मोबाईल दूर धरून त्या बैलाला नीट पाहिलं.

‘‘याले वशिंड कुठं हाय?’’

मी पाहिलं. खरंच नव्हतं. कुठल्या तरी परदेशी चित्रकाराचा सपाट पाठीचा बैल, आणि त्यासाठी मी आठवडाभर चारा शोधत होतो.

‘‘म्हणजे मले सांगितलं नाही, कारण सांगायसारखं काही नव्हतंच,’’ वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जरा उजेड आल्यासारखं मला वाटलं. तो फार टिकला नाही. ‘‘भाऊजी, लोकं काहीही म्हणोत. पण तो माणूस कापूस पाहून कधी खोटं नाही बोलला. माह्या सख्ख्या भावाची गाडी आली, तिलेही ओला म्हटलं. भाऊ दोन वर्षं राखी बांधून घ्याले नाही आला. अन् तुम्ही त्याच्या मातीत उभं राहून त्याच्याच नावावर खोटं बोलले. तेरवीले साऱ्यांसमोर खरं सांगाल. नाही सांगायचं असन तर येऊ नका.’’

मी बायकोकडं पाहिलं. ती डबा गोळा करत होती.

तेराव्या दिवशी, तेरवीला, पंगत बसायची होती. मी मांडवात उभा राहिलो. हातात कागद नव्हता. म्हटलं, ‘‘मंडळी, घाटावर मी सांगितलेली नदी मोबाईलमधल्या खेळातली होती. बैलही तिथलाच.’’

मागून त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आवाज आला, ‘‘मंग आम्ही कायले रडलो बे?’’

कोणी हसलं, कोणी चिडलं. एक जण म्हणाला, मास्तरचं डोकं फिरलं. दुसरा म्हणाला, पोरांच्या हातून हिसकलेल्या मोबाईलचा शाप लागला. मी सगळं होऊ दिलं, आणि मग जे खरं होतं तेवढं सांगितलं. साहेबांना पाण्याची भीती वाटायची. बैलांशी त्यांचा संबंध जिनिंगच्या फाटकापुरता. ते आतून प्रेमळ होते की नाही, ते मला माहीत नाही, मी आत गेलो नव्हतो. स्वतःच्या मेव्हण्याचा कापूस ओला होता, तर त्यांनी ओला म्हटला.

‘‘अन् माह्या?’’ म्हातारा उठून उभा राहिला. ‘‘माहा खरंच ओला होता का दरसाल?’’

‘‘ते मला माहीत नाही,’’ मी म्हणालो. म्हातारा खाली बसता बसता आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, ‘‘पोरं रात्री पाणी मारत होते थोडं. वजनाले.’’

कोणाच्याही डोळ्यांत टिपूस नव्हतं. एवढं पडलेलं भाषण मी जन्मात केलं नव्हतं. आतल्या खोलीच्या दाराशी बायकांमध्ये वहिनी बसल्या होत्या. पदर सारखा करत त्या वाढणाऱ्यांना म्हणाल्या, ‘‘भाऊजींचं पान मांडा.’’