मॅडमच्या जागेवर

शाळेत रुजू झालो तेव्हा मला प्रोग्रॅमिंग बरं येत होतं. आधी बीसीए, मग बी.एड. झालं होतं, आणि खाप्यात, आमच्या गावी, आळीतले बिघडलेले कॉम्प्युटर मीच दुरुस्त करायचो. त्यामुळे हुडकेश्वरच्या एका खाजगी शाळेत कॉम्प्युटरचा शिक्षक म्हणून नोकरी लागली, तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले आणि मलाही वाटलं, आता अवघड असं काही उरलं नाही.

पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाने मला जमिनीवर आणलं. मी फळ्यावर व्हेरिएबलची व्याख्या लिहिली, समजावली, पुन्हा समजावली. तोवर मागच्या रांगेतल्या मुलांनी सगळ्या स्क्रीनवरची चित्रं बदलून टाकली होती. एका मुलीने विचारलं, "सर, पण हे लागते कशाले?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर सुचेना, म्हणून मी तिला गप्प बसायला सांगितलं. तास संपल्यावर जिन्यात जाऊन उभा राहिलो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात ऑफिसच्या कामाला माणूस हवा आहे असं मावसभाऊ म्हणाला होता. त्याला फोन लावावा की काय, या विचारात होतो.

तेवढ्यात मॅडम आल्या. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याच तो विषय शिकवत होत्या. वर्ग वाढले म्हणून त्यांच्या जोडीला मला घेतलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, उंच, आवाज किंचित बसलेला. पूर्ण तासभर त्या लॅबच्या कोपऱ्यात एक कीबोर्ड उघडून बसल्या होत्या आणि मला वाटलं होतं, त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. जिन्यात त्यांनी माझ्या तासाबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या मी 'ब' तुकडीले हाच धडा शिकवते. तू मागे बसजो. परवा तू 'क' तुकडीले शिकव. मग बोलू."

ते सगळं वर्ष असंच गेलं. आधी त्या शिकवायच्या आणि मी बघायचो, मग मी शिकवायचो आणि त्या बघायच्या. शाळा सुटली की लॅबमध्ये त्या विद्यार्थ्याच्या बाकावर बसायच्या आणि मी उद्याचा धडा त्यांना शिकवायचो. तेव्हा त्या अगदी आठवीतल्या आळशी मुलासारख्या वागत. जांभया देत, भलतंच बटण दाबत, समजलं का विचारलं की "हो सर" म्हणत आणि काहीच समजलेलं नसे. त्या 'हो सर'ला फसायचं नाही, हे मी तिथे शिकलो. मुलाच्या मशीनपाशी गेलं की दोन्ही हात पाठीमागे, माउसला बोट लावायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. आपण करून दिलं की आपल्याला वाटतं याचं काम झालं, आणि त्याला वाटतं आपल्याच्यानं होत नाही, असं त्या म्हणायच्या.

मधेच शाळेने नवी पुस्तकं आणली. त्यात सगळं प्रोग्रॅमिंग पायथॉन या भाषेत होतं आणि ते मॅडमना येत नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही. "आता तू मले शिकव," म्हणाल्या, आणि आमच्या संध्याकाळच्या तासाचे दोन भाग झाले. त्या हळूहळू शिकत, पण एकदा कळलं की पुन्हा विचारत नसत. स्टाफरूममध्ये, ऑफिसात, मुख्याध्यापकांसमोर त्या अभिमानाने सांगायच्या की हा पोरगा मले शिकवून राहिला आणि माझ्यापेक्षा चांगला शिकवते. मला संकोच वाटायचा आणि आनंदही व्हायचा. हे बोलणं कुणीकडे जातं आहे ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

वर्षाच्या शेवटी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. सहावीचा तास माझ्याकडे होता आणि कॉम्प्युटरला नेमक्या सूचना द्याव्या लागतात हे शिकवायचं होतं. खेळाची कल्पना मॅडमचीच. त्या रोबो होणार आणि मुलं त्यांना दारापासून फळ्यापर्यंत नेणार. मुलं म्हणाली, सरळ चाला. मॅडम निघाल्या. थांबा म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तेव्हा त्या टेबलावर जाऊन आदळल्या आणि तशाच जागच्या जागी पाय हलवत राहिल्या. वर्ग हसून हसून लोळला. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला की सूचनेत किती पावलं तेही सांगावं लागेल. मला हवं होतं ते तेच. पालकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेचे सचिव दारात उभे होते, त्यांनीही वाजवल्या.

त्यांनी काय पाहिलं ते मला दोन आठवड्यांनी समजलं. त्यांनी एक तरुण शिक्षक पाहिला, जो वर्ग हातात ठेवून होता, आणि एक वयस्क बाई पाहिल्या, ज्या टेबलावर आपटत होत्या. तो तास कुणी उभा केला होता, हे दारातून दिसण्यासारखं नव्हतं.

सचिवांनी मला बोलावून घेतलं. येत्या जूनपासून तुकड्या कमी होत आहेत, कॉम्प्युटरला एकच शिक्षक राहील आणि तो मी असेन, असं त्यांनी सांगितलं. मॅडमचं काय, असं मी विचारलं. मॅडमही माझ्यासारख्याच दरवर्षीच्या करारावर होत्या, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. "त्यांनीच तर तुमची इतकी तारीफ केली," सचिव म्हणाले. त्यांचा हेतू मला खूश करण्याचा होता.

मी तडक लॅबमध्ये गेलो. मॅडम उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मशीनवर कापडं घालत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो की मी नाही म्हणून येतो. त्यांना आधीच कळवलेलं होतं. हातातलं कापड नीट बसवून त्या खुर्चीवर टेकल्या.

"तू नाही म्हटलं तर मले ठेवतीन काय गा? तिसऱ्या कोणाले आणतीन. त्याले काही येणार नाही आणि पोरं बसतीन व्याख्या लिहीत."

"पण मॅडम, तुमची जागा..."

"म्हणूनच म्हणून राहिली. रिकामी ठेवू नको."

मी राहिलो. घरी खाप्यात आईला सांगितलं की नोकरी पक्की झाली. ती खूश झाली. मॅडमबद्दल ऐकल्यावर म्हणाली की त्यांना एकदा जेवायला घेऊन ये. मी नेलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

त्या वयात दुसऱ्या शाळेने त्यांना घेतलं नाही. बुटीबोरीला भाचीच्या नवऱ्याचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे, तिथे त्या बसू लागल्या. कारखान्यांत काम करायला बाहेरून आलेली माणसं येत, त्यांची कागदपत्रं, त्यांच्या मुलांचे शाळेचे अर्ज असलं काम. त्या हुडकेश्वरलाच राहत आणि सकाळी बसने जात. त्यांची बस जिथून सुटायची, त्या रस्त्याने जायचं मी सोडून दिलं. कधी भाजीबाजारात समोर आल्याच तर त्या मुलांची चौकशी करायच्या. ती 'कशाले लागते' विचारणारी पोरगी काय करते, तो अमुक अजून माउस डाव्या हाताने धरतो का. मी उत्तरं द्यायचो आणि सुटका कधी होते याची वाट बघायचो. माझ्यावर त्यांनी कधी ठपका ठेवला नाही, आणि नेमकं तेच मला सोसवत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. मागच्या वर्षी बी.एड.च्या एका विद्यार्थिनीला इंटर्नशिपसाठी आमच्या शाळेत पाठवलं. हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली होती. तिला तयार करण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकली. मी तिच्याशी अगदी सभ्यपणे वागलो. मशीन पुसायला लावली, हजेरी घ्यायला लावली. तिचा तास सुरू असताना मी ऑफिसात काम काढून जायचो आणि परत येऊन "छान झाला" म्हणायचो. पुढे काय करू, असं तिने विचारलं की पुस्तकात दिलंय ते करा, असं सांगायचो. कुणाला यात वावगं दिसलं नसतं.

एक दिवस तिने लूप, म्हणजे कॉम्प्युटरकडून एकच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं, शिकवलं. त्या तासानंतर मी जिना उतरत होतो, तर ती पायरीवर बसली होती. डोळे पुसत नव्हती, पण पुसून झालेले दिसत होते. "सर, तुम्ही एकदा तरी पूर्ण तास बसा ना," ती म्हणाली. "छान झाला म्हणता, पण एकाही मुलाला लूप समजलेलं नाही. मला दिसतं ते."

मी पाहतो, असं म्हणून पुढे गेलो. पण त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःशी कबूल करावं लागलं. मला तिला शिकवायचंच नव्हतं. ती चांगली झाली आणि सचिव पुन्हा एकदा दारात उभे राहिले तर काय होईल, याची मला भीती होती. मॅडमच्या जागेवर बसून मी ती जागा राखत होतो. मॅडमनी मला जसं शिकवलं, तसं शिकवण्याची किंमत मला माहीत होती, आणि ती द्यायची माझी तयारी नव्हती.

रविवारी मी बुटीबोरीला गेलो. दुकानात गर्दी होती, मॅडमनी मला बाकावर बसवून ठेवलं. गर्दी ओसरली तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या मुलीशी मी कसा वागलो, आणि का वागलो, तेही. आणि मग म्हणालो की एवढ्या वर्षांत तुम्ही मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

"तू विचारलं काय कधी?" त्या म्हणाल्या.

मग मी विचारलं, राग आला होता का.

"राग आला होता मले. अजूनही येते. शाळेचा जास्त. थोडा तुझाही."

"माझा काहून, मॅडम?"

"तू राहिला म्हणून नाही. तू यायचं बंद केलं म्हणून. माझी नोकरी गेली ते एक, अन् ज्याले मी शिकवलं तो रस्ता बदलून जाते ते एक. मले दिसत नव्हतं काय?"

एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी स्वतःच्या अपराधीपणात इतका गुंतलो होतो की मॅडमना एकटं टाकतो आहोत, हे कळलंच नाही. मॅडमनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी विचारलं की त्या पोरीचा कोणता धडा अडला आहे.

शाळेत पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून पुढच्या रविवारी मी त्या मुलीला दुकानात घेऊन गेलो. मॅडम बाकावर बसल्या आणि आठवीतला आळशी मुलगा झाल्या. मुलगी आधी गोंधळली, मग हसली, मग तिला घाम फुटला. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याचा अर्ज भरून मॅडम पुन्हा वर्गात आल्या. संध्याकाळपर्यंत लूपचा धडा उभा राहिला. त्या आठवड्यात मी तिच्या तासाला पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे बसलो. तास उत्तम नव्हता. पण निम्म्या मुलांना समजलं, आणि उरलेल्या निम्म्यांना का समजलं नाही, ते तिने मला सांगितलं.

तिला नंतर दुसऱ्या एका शाळेत नोकरी लागली. माझी जागा अजून माझ्याकडे आहे. मॅडमना नव्या शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी तरी मानाने बोलवा, असं मी सचिवांना दोनदा सांगितलं. बघू, म्हणाले. अजून बघत आहेत.

ती मुलगी मात्र आपल्या ओळखीच्या नव्या शिक्षकांना घेऊन रविवारी दुकानात येऊ लागली. कुणी इंटर्नशिपवर असतं, कुणाची नोकरी नुकती लागलेली, एकाला तर मराठीचा शिक्षक असून शाळेने कॉम्प्युटर शिकवायला लावलं आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो आणि मॅडम सांगतील ते करतो. त्यांना या कामाचं कुणी काही देत नाही. ज्या कामासाठी शाळेने त्यांना सांभाळायला हवं होतं, ते काम त्या रविवारी दुकान सांभाळून फुकट करतात, आणि मी त्याचा पगार घेतो. हे मनातून जात नाही. जावं असंही वाटत नाही.

गेल्या रविवारी एक नवीन शिक्षिका आली होती. मॅडमनी तिचा धडा दोनदा मोडून तिसऱ्यांदा बरा करवून घेतला. निघताना तिने कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या शाळेत असता?"

मी मॅडमकडे बघू शकलो नाही.

"मी इथंच असते," मॅडम म्हणाल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं. त्याला मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरायचा होता.