ओल्या फडक्यातलं सोप्पू

आमच्या चामराजपेटच्या घरात पालेभाजीला कोणी पालेभाजी म्हणत नाही. कित्येक पिढ्या इथे गेल्यावर मेथी काय, राजगिरा काय, सगळं कानडीतलं 'सोप्पू'च. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.

त्या रविवारी मी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी समोर फोन बघत होती. मैत्रिणीचा मेसेज आला, तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला, "सोप्पू स्वल्प दिवस तुझ्याकडेच राहू दे." आणि थांबली.

मी म्हटलं, "सुकून जाईल गं. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेव."

ती हसली, जरा जास्तच हसली. पोरी स्वयंपाकाला लागल्या, याचंच मला कौतुक.

मी इंदिरानगरच्या एका कॉलेजात शिकवते. बुधवारी आमच्याकडे मुलांना अमली पदार्थांबद्दल सावध करायचा कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं होतं. आलेल्या सब-इन्स्पेक्टर बाई थेट मुद्द्यावर आल्या. "गांजाला तुम्ही आपसात काय म्हणता ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. सोप्पू म्हणता." मुलं खिदळली. मला रविवारचा तो मेसेज आठवला.

'माझं नाही, मैत्रिणीचं आहे' असं सांगून सुटका होत नाही, बाई सांगत होत्या. ज्याच्या बॅगेत सापडतं, गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. मग कोर्टाच्या खेपा. पासपोर्ट, नोकरी, जिथे जाल तिथे ते आडवं येतं. पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. समारोपाला मात्र उभी राहिले आणि ठरलेलं वाक्य बोलले, "काही चुकलं तर घाबरू नका, आधी घरी सांगा." टाळ्या पडल्या.

दुपारचे तास सोडून रिक्षानं घरी आले. मुलीचं कपाट उपसलं, गादी उलटी केली, जुन्या पर्ससुद्धा झटकल्या. स्वतःची लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते. शेवटी फ्रीज उघडला. ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. सोडलं तर मेथी, मीच ठेवलेली.

पाचला ती आली. विस्कटलेलं कपाट बघून पलंगावर बसली.

"कुठे आहे ते?" मी विचारलं.

"आता नाही. दोन दिवस माझ्या बॅगेत होतं. सोमवारी परत दिलं तिला."

"तू ओढलंस?"

"नाही गं, आई. तिनं ठेव म्हटलं, मी सरी म्हटलं, ठेवून घेतलं. मग भीती वाटायला लागली."

म्हणजे रविवारी ती बॅग आमच्या डोक्यावरच्या खुंटीला होती. मला रडू फुटलं, रागानं की सुटल्यासारखं वाटून, ते माझं मलाच कळेना. "दोन दिवस घरात होतं, आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं की. तो मेसेज तुला मोठ्यानं कशाला वाचून दाखवला असता मी?"

वाचून झाल्यावर ती खरंच थांबली होती. मी फ्रीज सुचवून पुन्हा शेंगा सोलायला लागले होते.