४९१ आणि १२१

"साईं, अब पीछे से देखो!" असं म्हणून ते कागद टेबलावर उलटा फिरवायचे आणि तेच गणित दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मांडायचे. सगळ्यांना साईं म्हणत, म्हणून आम्हीही त्यांना साईंच म्हणायचो. फाळणीत सिंध सोडून आलेले, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत राहणारे. सर्टिफिकेटं तिकडेच राहिली; बरोबर आलं ते लॉग टेबलचं पुस्तक.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात टेलिफोन तपासायची यंत्रं बनत. त्यांत आवाज बेतानं कमी करणारे पॅड लागत. पॅड म्हणजे तीन रेझिस्टन्स: दोन आडवे, मधे एक उभा. आवाज हवा तेवढाच उतरला पाहिजे, आणि पलीकडे सहाशे ओहमची लाइन जोडून कुठल्याही बाजूनं मोजलं तरी सहाशे ओहमच भरले पाहिजेत. साईंचं उत्तर यायचं, आडवे ४९१, उभा १२१.

"अहो, पाचशे आणि शंभर धरा की सरळ!" मी हसायचो.

"धरो, साईं. फिर पीछे से देखो."

मी धरले. नुसती बेरीज सहाशे, पण पलीकडची लाइन जोडून मोजलं तर सहाशे काही भरेनात.

आमच्या साहेबांना हे कोण शिकवणार? स्टोअरमध्ये पाचशे आणि शंभरचा ढीग पडलेला. त्यांनी साईंच्या सहीच्या कागदावरल्या आकड्यांवर खुशाल रबर फिरवलं आणि तेच आकडे घातले. मी समोर बसून पाहिलं. असे पाच पॅड एका पेटीत एकापुढे एक जोडले. एकेकाची चूक किरकोळ, पण पाचांची मिळून एवढी, की तपासनिसानं अख्खी पेटी परत पाठवली.

"गणित कुणाचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सही बघा ना," आमचे साहेब म्हणाले. "बिनसर्टिफिकेटचा माणूस ठेवला की असंच होणार."

त्याच महिन्यात साईं कायम व्हायचे होते हो! "ये गिनती मेरी नहीं," ते परत परत सांगत होते. कुणी ऐकेना. केवढा हा निर्लज्जपणा! आणि माझी जीभ काय झडली होती? माझीही नोकरी कच्ची होती, एवढं कारण मला पुरलं.

साईंना काढलं. दुरुस्ती माझ्याकडे आली. मी ४९१ आणि १२१ बसवले, पेटी पहिल्या झटक्यात पास झाली. शाबासकी कुणाला मिळाली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

चार दिवसांनी साईं आपलं पुस्तक न्यायला आले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. विचारलं काय, तर, "दोनों तरफ से आया?"

"आलं, साईं. बरोबर सहाशे."

त्यांचा चेहरा केवढा उजळला! पुस्तक काखेत मारून ते फाटकाबाहेर गेले. रबर कुणी फिरवलं ते मी पाहिलं होतं, हे तेव्हाही माझ्या तोंडून फुटलं नाही.