खड्डा उघडायची घाई

न्यूझीलंडमधल्या लोअर हट शहरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हुइया पारातेने हिनं बावीस वर्षं गल्ला सांभाळला. दुकान बंद पडलं, पण गिऱ्हाईक कुठे पाकीट काढतं आणि कुठे नाक मुरडतं हे तिला डोळे झाकून कळायचं. मग गेम बनवणाऱ्या कंपन्याच सल्ल्यासाठी तिचं दार ठोठावू लागल्या. तिचा हुकमी सल्ला एकच. माणसाला दम धरवत नाही, तेव्हा घाई विका. जिथे वाट बघावी लागते तिथे ‘पैसे भरा, पुढे चला’ असं बटण लावा. सहा गेमना तिनं ते लावलं आणि साही चालले. कुणी नावं ठेवोत, त्यावर पुष्कळांच्या चुली पेटल्या हे खरं.

एकदा तिच्याकडे दूरच्या नात्यातली मेरेआना आली. तिनं दोन मित्रांबरोबर गेम बनवला होता. त्यात सगळं गोत जमतं, आपण खड्डा खणायचा, दगड तापवायचे, डुकराचं मांस आणि रताळी आत ठेवून वर माती लोटायची. मग ही हांगी, म्हणजे खड्ड्यातलं हे जेवण, शिजेपर्यंत वीस मिनिटं नुसतं बसायचं. तेवढा वेळ खड्ड्याच्या काठावर बसलेले आजोबा गप्पा मारतात. आवाज मेरेआनाच्या खऱ्या आजोबांचा होता. त्यांनी हौसेनं बोलून ठेवलं आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

ऑकलंडची एक कंपनी तिघांचा दोन वर्षांचा पगार द्यायला तयार होती. अट एवढीच, की त्या वीस मिनिटांवर बटण हवं.

हुइया आधी भडकलीच. हांगी वेळेआधी उघडली तर रताळी कच्ची राहतात हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणाली. पण धंदा म्हणजे धंदा. तिनं बटण लावून घेतलं, ओळखीपाळखीच्या नऊ जणांना खेळायला बसवलं आणि शेवटी स्वतःही बसली. दुसऱ्या दिवशी मेरेआनाला बोलावून चहा पुढे ठेवला.

“दहापैकी सात जणांनी बटण दाबलं. पैसा येणार, पोरी. खोटं कशाला सांगू?”

“आणि बाकीचे तीन?”

“ऐकत बसले. त्यातली एक मी.”

मेरेआनानं कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, “म्हणजे दहातले सात जण माझ्या आजोबांना गप्प करायला पैसे देणार. मावशी, तू काय सांगतेस?”

“सल्लागार म्हणून सांगते, घे. मावशी म्हणून सांगते, नको घेऊस.”

“मग मी फी कुणाला देतेय?”

“अजून दमडी दिली नाहीस, तोंड वर करून विचारतेस काय!” हुइया म्हणाली, आणि दोघींना हसता हसता रडू आलं.

मेरेआनानं नकार कळवला. एक मित्र दुसरीकडे नोकरीला गेला. ती स्वतः सकाळी बेकरीत उभी राहू लागली. हुइयाला चैन पडेना. ज्या बाईनं जन्मभर घाई विकली, ती आता दारोदार फोन करून थांबणं विकत होती. एकविसाव्या फोनला डनेडिनची एक छोटी कंपनी तयार झाली, तीही निम्म्या पैशांत. बटण मात्र नाही.

गेम बाजारात आला त्या दिवशी गोतातल्या सगळ्यांनी तो सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर लावला. पुढच्या खुर्चीवर आजोबांची धाकटी बहीण बसली होती, ब्याऐंशी वर्षांची. खड्ड्यावर माती पडली आणि आजोबा बोलू लागले. एक गोष्ट संपली, दुसरी झाली. मध्येच त्यांनी विचारलं, “आहात ना अजून, की गेलात उठून?”

सभागृहात कुणी हललं नाही. म्हातारी जरा पुढे वाकली.

“आहे रे दादा,” ती म्हणाली. “तू बोल.”

तिच्या मागेच बसलेल्या हुइयाला भरल्या डोळ्यांनी तिथून पुढचं काही नीट दिसलं नाही.