‘मेले’ म्हणजे वर

माझा मेव्हणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, आजही चार नातेवाईक जमले की सांगतो : भावोजींना वेल्डरशी धड कन्नड बोलता आले नाही, म्हणून मोटारसायकलची पट्टी चुकीची बसली. हे धादांत असत्य आहे. कन्नड मुलखातल्या चामराजपेटेत आमच्या चार पिढ्या गेल्या. मी मराठीपेक्षा कन्नडमध्येच अधिक भांडलो असेन. हे मेव्हणे मात्र साठ सालच्या सुमारास पुण्याहून नोकरीसाठी नुकतेच आले होते आणि त्यांच्यापाशी दोनच कन्नड शब्द होते : ‘स्वल्प’, म्हणजे थोडे, आणि ‘सरी’, म्हणजे ठीक. घात केला तो त्यातल्या दुसऱ्या शब्दाने.

गाडी लष्कराने मोडीत काढलेली, अवजड, पाय ठेवायला दोन्ही अंगांना लोखंडी फूटबोर्ड असलेली. माझा उजवा गुडघा फुटबॉलमध्ये दुखावला होता. पत्नीसह तुमकूरच्या लांब फेरीला निघालो की तिथे पोहोचेपर्यंत तो असा आखडे की उतरताना पत्नीचा खांदा धरावा लागे. तिने शेवटी निक्षून सांगितले, “अहो, पाय नीट राहत नसेल तर गाडी विका. माझा भाऊ घ्यायला एका पायावर तयार आहे.”

गाडी विकण्याची माझी इच्छा नव्हती. उजव्या फूटबोर्डाला बाहेरून, ब्रेकचे पेडल सोडून, वीतभर पट्टी पुढे जोडायची म्हणजे पाय पसरता येईल, हा विचार सर्वस्वी माझा. मेव्हण्याने कागदावर चार रेघा मारल्या, एवढेच त्याचे श्रेय.

वेल्डरच्या दुकानात मेव्हण्यासमोर मी गाडीवर बसून पाय लांब केला. वेल्डरने खाली उकिडवे बसून पट्टी टेकवली आणि विचारले, “सरीना, स्वामी?” पट्टी जमिनीच्या फार जवळ होती. मी म्हणालो, “स्वल्प मेले.” म्हणजे थोडी वर.

मेव्हणा किंचाळलाच. “अहो भावोजी! नव्या कामाला हात घालताना मेले काय म्हणता? कोण मेले?”

मी त्याच्याकडे वळून ‘मेले’चा अर्थ समजावू लागलो, तेवढ्यात त्याने वेल्डरकडे हात हलवून “सरी, सरी!” म्हणून टाकले. उरकून टाका, असे त्याला म्हणायचे असावे. वेल्डरने त्याचा अर्थ ‘बरोबर आहे’ असा घेतला, चष्मा चढवला आणि पट्टी होती तिथेच जोडली. बोलणे संपवून मी खाली पाहिले तेव्हा लोखंड लाल होते.

संध्याकाळी पत्नीला मागे बसवून निघालो. उजवीकडच्या पहिल्याच वळणावर गाडी कलली, पट्टी रस्त्याला घासली, ठिणग्या उडाल्या आणि आम्ही पडता पडता वाचलो. पत्नी उतरली ती चालतच घरी गेली. मेव्हणा दारातच म्हणाला, “मी नेतो गाडी. मला पट्टी लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी एकटा वेल्डरकडे गेलो, जोड कापायला लावला आणि पट्टी दोन बोटे वर चढवून घेतली. मग त्याच वळणावर पत्नी आणि मेव्हणा दोघांना उभे केले आणि गरजेपेक्षा अधिक कलून तीन फेऱ्या मारल्या. काहीही घासले नाही. गुडघाही सुखात होता.

मेव्हणा म्हणाला, “हेच तर मी रेखाटले होते.”

मी तोंड उघडणार, तोच पत्नी पदर खोचून मागे बसली. “भांडण नंतर करा,” ती म्हणाली. “आधी तुमकूर.”