वीतभर चंपाबाई

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या गल्लीत संघपाल हिवराळे यांच्या घरी दर रविवारी दुपारी चार वाजता रॉक संगीत ऐकलं जातं. सुरुवातीला शेजारी येऊन विचारायचे, घरात काही वाईट झालं आहे का. आता विचारत नाहीत. एखाद्या रविवारी आवाज आला नाही, तर मात्र विचारतात.

जमणारे आम्ही पाचजण. संघपाल स्वतः तंत्रनिकेतनात तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते, परवाच्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी सुलेखावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना गिटार आणि पेटी यांत फारसा फरक वाटत नव्हता. आता ड्रमवाल्याचा डावा हात कोणत्या साली ढिला पडला ते त्या सांगतात. राजकुमारचं क्रांती चौकात बॅटऱ्यांचं दुकान आहे. गोकुळ हा संघपालांच्या प्रयोगशाळेत शिकलेला, आता वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. पाचवा मी, माझं काम ऐकण्याचं.

नियम थोडे आहेत. कॅसेटची बाजू चालू असताना बोलायचं नाही. चहा दोन बाजूंच्या मधे. एखाद्यानं नवीन काही ऐकायला आणलं, तर ते कुणाकडून मिळालं ते आधी सांगायचं. संघपालांच्या मते संगीत आकाशातून पडत नाही, कुणीतरी कुणालातरी देतं.

त्यांना ते चंपाबाईंमुळे मिळालं. चंपाबाई म्हणजे त्यांच्या आई. विद्यापीठाजवळच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. अठ्ठ्याऐंशी साली शहरात परदेशी विद्यार्थी पुष्कळ. त्यांतल्या केनियाच्या एका मुलाला आपलं तिखट सोसेना, म्हणून चंपाबाई त्याच्यापुरतं कालवण वेगळं काढून ठेवायच्या. तो उपकार फेडायचा कसा, हे त्या पोराला कळेना. शेवटी त्यानं बाईच्या मुलाला कॅसेटी ऐकायला दिल्या. शनिवारी दुपारी न्यायच्या, सोमवारी सकाळी परत.

ऐकून परत करणं संघपालांच्या जिवावर यायचं. दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर घेण्याची ऐपत नव्हती. मग शेजारचा एक आणि वसतिगृहातला एक असे दोन टेपरेकॉर्डर जमिनीवर समोरासमोर ठेवायचे, एक गाणार आणि दुसरा ऐकणार. दार-खिडक्या बंद. पंचेचाळीस मिनिटं घरातल्या कुणी शिंकायचंसुद्धा नाही. अशा बेचाळीस कॅसेटी झाल्या. मूळ वेष्टनं फाटलेली, बँडची नावं वाचता येत नव्हती, म्हणून संघपालांनी प्रयोगशाळेच्या शिस्तीनं प्रत्येकीवर 'नमुना क्र.' असं लिहून आकडा घातला. खरी नावं पुढे कळली, पण तोवर उशीर झाला होता. आजही जगातले काही फार मोठे वादक आमच्यात बारा नंबर आणि एकोणतीस नंबर म्हणून ओळखले जातात.

त्या कॅसेटींमध्ये संगीताबरोबर ती खोलीही उतरली आहे. चार नंबरमध्ये मनमाडकडे जाणारी पॅसेंजर आहे. अठरामध्ये वीज जाते, गायक हळूहळू म्हातारा होतो आणि थांबतो. ते गाणं पुढे आणखी तीन मिनिटं आहे, हे आम्हाला मोबाइल आल्यावर समजलं. आम्ही ते पूर्ण ऐकून पाहिलं. उगीच लांबवल्यासारखं वाटलं.

पण खरी गोष्ट सात नंबरची. ती एका मैफिलीची कॅसेट होती, परदेशातल्या कुठल्याशा मैदानावरची, पन्नास-साठ हजार माणसं. चौदाव्या मिनिटाला गाणं संपतं, गिटारचा एक सूर लांबत लांबत विझतो, आणि सगळं मैदान श्वास रोखून थांबतं. नेमक्या त्या शांततेत चंपाबाईंनी दार उघडलं. पोरगं सकाळपासून उपाशी होतं. त्यांनी त्याला जेवायला हाक मारली आणि वर म्हणाल्या, "ते काय, गातच राहतेत."

आणि साठ हजार माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या, आरोळ्या, पाय आपटणं. पूर्ण एक मिनिट.

संघपाल तेव्हा आईवर रागावले होते. पुढे हसू लागले. आणि रविवारची बैठक सुरू झाल्यावर रीतच पडली की सात नंबर लागला की चौदाव्या मिनिटाला आपणही टाळ्या वाजवायच्या. बाजू चालू असताना आवाज करायची मुभा तेवढीच. चंपाबाई होत्या तोवर कधी कधी दारात येऊन स्वतःचा सत्कार बघून जायच्या. "येडे झालेत सगळे," म्हणायच्या, आणि पुढच्या रविवारी विचारायच्या, "आज माझी लावणार हाव का न्हाई?"

त्या गेल्या त्याला पंधरा वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. संघपालांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, तिच्यात चंपाबाई बरंच बोलतात; पण व्हिडिओवाल्यानं कलात्मक दृष्टी ठेवून सबंध लग्नावर सिनेमाची गाणी चढवली आहेत. ओठ हलतात आणि बासरी ऐकू येते. सात नंबर म्हणूनच वर्षातून एकदाच लागायचा, जानेवारीत, त्यांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी. फीत झिजू नये म्हणून.

संघपाल निवृत्त झाले तेव्हा गोकुळनं त्यांना भेट द्यायचं ठरवलं. बेचाळीसही कॅसेटी गोणीत भरून नेल्या आणि सहा महिन्यांनी एक पेन ड्राइव्ह आणून दिला.

"दादा, आता झिजायची भीती नाही," तो म्हणाला. "आणि खरखर पार काढून टाकलीय. काच पुसल्यासारखं ऐका."

जानेवारीतला तो रविवार. खिडकीतून चारचं ऊन जमिनीवर आडवं पडलेलं, त्यात धूळ तरंगत होती. संघपालांनी सात नंबर लावला. खरंच काच पुसल्यासारखं होतं. गायक इतक्या जवळ आला की अवघडल्यासारखं वाटलं. चौदावं मिनिट आलं. सूर लांबला, विझला. आम्ही हात वर घेतले.

शांतता. आणि मग साठ हजार माणसांनी कुणासाठीच नाही अशा टाळ्या वाजवल्या.

आमचे हात वरच राहिले. सुलेखावहिनींनी आपले आधी खाली घेतले. संघपालांनी बाजू संपेपर्यंत वाट पाहिली, कारण नियम होता. मग म्हणाले, "गोकुळ, आई कुठंय?"

गोकुळचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं आवाज स्वच्छ करणारी एक प्रणाली घेतली होती, ती बाहेरचे आवाज आपोआप काढते. त्यानं सगळ्या कॅसेटी तिच्यातून काढल्या आणि कारखान्यात तपासतात तशा तपासल्या.

"दहात एक," तो म्हणाला. "दहा, वीस, तीस, चाळीस नंबर ऐकले. एकदम पास."

"वा मियाँ," राजकुमार म्हणाला. "अम्मा को ही रिजेक्ट मार दिया."

"मूळची प्रत असेल ना संगणकावर? साफ करायच्या आधीची?" संघपालांनी विचारलं.

"पुसून टाकली. आमच्यात कच्चा माल ठेवत नाहीत दादा. पक्क्यात मिसळतो."

चहा झाला, पण कुणी दुसरी बाजू लावा म्हटलं नाही. संघपाल एकदम म्हणाले, "हाक काय मारली होती तिनं? सुरुवातीला?"

"संघ्या, जेवून घे," राजकुमार म्हणाला.

"'भाकर खाऊन घे' होतं," गोकुळ खालमानेनं म्हणाला.

"तू तर बोलूच नको."

"आत्या 'जेवून घे' कधी म्हणायच्याच नाहीत," सुलेखावहिनी म्हणाल्या. "दोन घास खाय, असं म्हणायच्या."

पंचवीस वर्षं टाळ्या वाजवलेली माणसं आम्ही. 'ते काय, गातच राहतेत' यावर सगळ्यांचं एकमत होतं, त्याआधीच्या तीन शब्दांवर मात्र तीन मतं पडली. संघपालांनी काहीच मत दिलं नाही, तेच जास्त वाईट होतं.

"कॅसेटी कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"देवगावला. फ्लॅटमधे जागा नाही म्हणून. तात्यांकडं दिल्यात, एकदम सेफ."

पुढच्या रविवारी आम्ही हुरड्याच्या निमित्तानं देवगाव रंगारीला गेलो. गोकुळचे वडील तात्यासाहेब बांधावर उभे राहून वाट पाहत होते. त्यांच्या मागं शाळू डोक्याइतका उभा, कणसांत दूध भरलेलं. आणि शेतावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काठ्याकाठ्यांना बांधलेल्या तपकिरी फिती उन्हात चमकत होत्या.

वारा आला. सगळं शेत गुणगुणू लागलं. एक सूर नव्हता तो, अकरा होते, एकमेकांत मिसळून वर चढणारे आणि विझणारे. आम्ही सवयीनं गप्प उभे राहिलो. बाजू चालू होती.

"पहिलं गोफण चालायची," तात्यासाहेब अभिमानानं म्हणाले. "आता माळ्यावर दिसभर कोन बसतंय? ही पट्टी लई गुनाची. वारं आलं की पाखरू जवळ येत नाय."

"तात्या," गोकुळ म्हणाला, "त्या ठेवायला दिल्या होत्या."

"तूच म्हनला ना, ह्यांचं काम झालं म्हनून? मंग? झालेल्या कामाचं काय लोणचं घालायचं?"

संघपालांनी त्यांना नमस्कार केला. "तात्यासाहेब, किती लावल्या?"

"अकरा. बाकीच्या गोनीत हायती. रोज एक सोडली, गोनीत वर आसंल ती, हिरीपासून सुरू करून. काय हो, त्यात एवढं कोनतं गानं होतं?"

"माझी आई होती."

तात्यासाहेबांनी टोपी काढली आणि हातात धरली. "आन मी पाखरं भेवावीत म्हनून बांधली," ते म्हणाले.

मग गोकुळ गोकुळसारखा वागला, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. गोणीत कॅसेटी त्यानं नंबरानं भरल्या होत्या, एक नंबर सगळ्यांत वर. म्हणजे विहिरीकडून सातवी ओळ. प्रत्येक कॅसेट त्यानं सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवली होती, म्हणजे विहिरीकडचं टोक हे पहिलं टोक. "कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर चालते," तो पुटपुटत होता. "चौदा मिनिटं म्हणजे आठशे चाळीस सेकंद. चाळीस मीटर."

"आणि ती बोलते किती?" संघपालांनी विचारलं.

"चार सेकंद. एकोणीस सेंटीमीटर."

राजकुमारनं आपला पंजा ताणून पाहिला. "म्हणजे वीतभर."

गोकुळच्या गाडीत मोजपट्टी असतेच. ती धरून आम्ही शाळवातून निघालो. पुढं गोकुळ, मागं संघपाल, त्यांच्या खांद्याला कणसं लागत होती. फीत आमच्या डोक्यावरून चालत होती. दहा मीटरवर पहिलं गाणं असावं. पंचविसावर ते लांब गिटारवादन, ज्यावर सुलेखावहिनी डोळे मिटतात. आता तिथं पंख पसरून एक चतुर बसला होता. आम्ही मैफिलीतून पायी जात होतो, असंच मला वाटत राहिलं, आणि मैफीलही वाऱ्याबरोबर थोडी पुढं थोडी मागं होत होती.

चाळीस मीटरवर बाभळीची एक काठी होती. संघपालांनी फितीला हात लावला नाही. खालून पाहत राहिले. फितीचा तेवढा भाग इतर भागासारखाच दिसत होता.

"दोन मीटर कापून घेऊ," गोकुळ म्हणाला. "इकडं एक, तिकडं एक. फीत ताणली असंल, अंदाज चुकायला नको."

"पूर्ण ओळ काढा की," तात्यासाहेब म्हणाले. "चार कणसं खातील पाखरं, खाऊ द्या."

पण ती जागोजागी गाठी मारलेली, तुटलेली होती. दोन मीटरच कापली. मोकळ्या जागी तात्यासाहेबांनी सुतळी बांधून ओळ पुन्हा ताणून दिली. सुलेखावहिनींनी तो तुकडा पदराच्या टोकात घेतला. मग आम्ही हुरडा खाल्ला. चांगला होता.

गोकुळनं तो तुकडा रिकाम्या कॅसेटमध्ये जोडला. दोन मीटर म्हणजे बेचाळीस सेकंद. रविवारी चार वाजता संघपालांनी जुना टेपरेकॉर्डर पुसून मधे ठेवला आणि कळ दाबली.

आधी नुसता वारा. दहा-बारा दिवसांचं ऊन आणि दव फितीनं पिऊन घेतलं होतं. त्याच्या मागं कुठेतरी दूर, डोंगरापलीकडं असावी तशी, गिटार. ती विझली. मग खरखर, आणि खरखरीत दार उघडल्याचा आवाज. त्यानंतरचे शब्द होते, पण फक्त त्यांचा चढउतार उरला होता. जेवून घे होतं, भाकर होती की दोन घास होते, ते आता कधीच कळणार नाही. मग फीत एकदम स्वच्छ झाली, आणि चंपाबाई खोलीत म्हणाल्या, "ते काय, गातच राहतेत."

साठ हजार माणसांबरोबर आम्ही पाचजणांनी टाळ्या वाजवल्या. तुकडा टाळ्यांच्या मधेच संपला. आमच्या चालू राहिल्या. गल्लीतून कुणीतरी विचारलं, काय झालं, काही वाईट तर नाही ना.

चहा पीत असताना गोकुळच्या मोबाइलवर तात्यासाहेबांचा फोन आला. त्यांना संघपालांशीच बोलायचं होतं. ते फोनवर शेतातल्यासारखं बोलतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"हिवराळे, आवाज निघाला का?"

"निघाला तात्यासाहेब."

"मंग बरं. मी म्हनलं इचारावं. इकडं गंमत व्हायलीय. बाकीच्या वावरात पाखरू फिरकंना, पन ती सुतळी वाजतच नाय. तेवढ्या दोन मीटरखाली नेमके चिमण्यांचे थवेच्या थवे बसायल्यात, निवांत खायल्यात. काय करू? दुसरी पट्टी लावू का तिथं?"

संघपालांनी कप खाली ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "जेवू द्या त्यांना."